एक्याऐंशी सेंटिमीटर

बिस्किटांच्या डब्यात तीन लाख चाळीस हजार पेसो,
त्यातली चाळीस हजारांची नुसती नाणी.
दोन्या क्लोरिंदा म्हणाली, एवढेच आहेत. ह्यात बसव.
बसवू, मी म्हणालो.
असं मी सगळ्यांनाच म्हणतो
आणि मग रात्री कुशी बदलत राहतो.

स्वयंपाकघर कसलं, बोटीतली खोली.
तीन पावलं लांब, दीड रुंद,
आणि खिडकीत अख्खं व्हालपराइसोचं बंदर:
क्रेन, कंटेनर, शेजारणीची धुण्याची दोरी.
आमच्या ह्या चढाला फुलपाखरांची टेकडी म्हणतात.
फुलपाखरू मी पाहिलेलं नाही.
पायऱ्या पाहिल्यात, एकशे बासष्ट.
प्रत्येक फळी त्यांवरून माझ्या खांद्यावर आली,
वर गॅसवाल्याचा सल्ला फुकट.

हिशेब तिच्याच वहीत,
शाळेच्या गणवेशांच्या मापांशेजारी.
सिंक: पाडलेल्या हॉटेलातलं, एका कोपऱ्याला पोचा, अठरा हजार.
नळ मात्र नवा.
नळात कंजुषी नको, म्हणाली,
रात्री ठिबकला की नवरा आठवतो.
टाइल्स पाच घरांतून उरलेल्या.
एकीवर अर्धाच मासा आहे,
उरलेला कुणाच्या न्हाणीघरात पोहत असेल.
फडताळांना दारं परवडली नाहीत,
पडदे ती शिवणार.

पुतण्याला मधली भिंत पाडून हवी होती, मोकळं मोकळं.
मी बोटांनी ठोकून पाहिली.
आत माती, जुनं लाकूड,
आणि पचवलेले कितीतरी भूकंप.
हिला हात लावायचा नाही, मी म्हणालो.
पैसेही वाचले, खरं सांगायचं तर.

मग आला ओटा.
नव्वद, म्हणत मी कानावरची पेन्सिल काढली.
नव्वदच का?
सगळीकडे नव्वदच असतो.
कुणी ठरवलं?

टेप हातात धरून मी उभा.

जुना ओटा ब्याण्णवचा होता,
एरिबेर्तोने स्वतः घातलेला.
जहाजावरचा बॉयलरवाला, दारात वाकून शिरणारा माणूस,
स्वतःच्या कमरेला बेतून घातला त्याने
आणि आयुष्यात त्यावर एक अंडं फोडलं नाही.
ही एक मीटर बेचाळीस.
द्राक्षांचं खोकं उपडं घालून एकेचाळीस वर्षं
चढ, कांदा चीर,
उतर, मीठ घे,
चढ.
तिसरी पोटात असतानाही चढ.

चपला काढा, मी म्हणालो.
ती अनवाणी उभी राहिली, कोपरं वाकवून,
हातात जणू कणीक आहे.
कोपरापासून जमिनीपर्यंत मोजलं,
चार बोटं सोडली.
एक्याऐंशी.

पुतण्या म्हणाला, उद्या घर विकायचं झालं तर
असला ओटा बघून घेणार कोण?
बुटकं माणूस, ती म्हणाली.

तेरा दिवस लागले.
डब्यात उरलं त्यात चार पाव आले आणि चहा.
शेवटच्या दुपारी झाडू मारत होतो, तेव्हा
तिने पाट ठेवला, कांदा घेतला
आणि पाऊल उचललं.
खाली खोकं नव्हतं.
पाऊल हवेत थोडं थांबलं
आणि लाजल्यासारखं परत जमिनीवर आलं.
पुन्हा तसंच.
तिसऱ्या खेपेला तिने ओट्याला एक शिवी हासडली,
इथे लिहिण्यासारखी नाही,
आणि हसता हसता डोळे पुसले. कांदा होताच म्हणा.

ते खोकं घेऊन जा, म्हणाली.
पायऱ्या उतरताना ते माझ्या काखेत,
वरची फळी मधोमध खोलगट झालेली,
दोन टाचांएवढी.

घरी आलो.
इर्मा पाठमोरी उभी, पाव कापत होती,
खांदे कानांपर्यंत चढलेले.
बावीस वर्षं लोकांच्या घरची मापं घेत हिंडतोय मी.
हे खांदे मला वाटायचे तिचे असेच आहेत, जन्मापासून.
टेप खिशातच होती.
चपला काढ, म्हणालो.
ती वळली, सुरी हातात.
आता काय केलंस?