सँडो

फरवानियातल्या आमच्या जिमच्या भिंतीवर
एका उघड्या माणसाचा फोटो आहे.
मिशीला पीळ, कमरेला एक पान,
तुटक्या खांबावर टेकलेलं कोपर.
रात्री अकरानंतर आरसे पुसून झाले
की मी त्याचीही काच पुसतो.

एकदा विचारलं, कॅप्टन, हा कोण?
इथे जिमच्या मास्तरला कॅप्टन म्हणतात,
जहाज नसलं तरी.
वाएल मिसरी म्हणाला, हा सँडो.
ह्याच्यापासून सगळं सुरू.

मला हसू आवरेना.
आमच्याकडे, कॅप्टन, सँडो म्हणजे बनियन.
बिनबाह्यांचं. तीनच्या पाकिटात येतं.
शर्टाच्या आत घालतात,
नाहीतर दारात कुणी नाही बघून नुसतंच.

मग त्याने सांगितलं, मी फडकं धरून ऐकलं:
आधी ताकद म्हणजे उचलणं. घोडा उचल, साखळी तोड.
लोक वजनाकडे बघायचे,
वजनाखालच्या माणसाकडे नाही.
ह्याने म्हणे जुन्या पुतळ्यांची मापं घेतली,
दंड किती, पोटरी किती,
आणि तसं स्वतःला बेतलं.
अंगाला पांढरी पावडर फासून
श्वास रोखून उभा राहायचा, दगड होऊन.
एकोणीसशे एक साली लंडनच्या मोठ्या गोल सभागृहात
स्पर्धा भरवली त्याने.
हजारो माणसं तिकीट काढून आली
काहीच न उचलणारी माणसं बघायला.

आमच्या खोलीत सहा जण.
खिडकीखालची जागा लियाकत सुर्वेची.
गाव मंडणगड. दिवसा टॉवर क्रेनखाली हात हलवतो,
वर, थांब, डावीकडे, खाली.
पासष्ट किलोच्या गटात नाव घातलं त्याने.
चार महिने तो अंड्यातलं पांढरं खायचा
आणि आम्ही पाच जण पिवळं.
पिवळ्याचं कालवण, पिवळ्याची भुर्जी,
जुम्म्याला पिवळ्यात बटाटा.
त्याच्या पोटावर रेघा उमटत गेल्या,
आमच्या पोटांवर वळ्या.

शेवटच्या दिवशी त्याचं पाणी बंद.
बाहेर सेहेचाळीस.
तोंड धुताना आम्ही नळ हळू सोडला,
त्याला ऐकू जाऊ नये म्हणून.

सालमियातल्या हॉटेलात, पडद्यामागे,
मी त्याच्या पाठीला स्पंजने रंग लावत होतो. तपकिरी.
म्हटलं, सात वर्षं उन्हात उभा आहेस,
तिथे फुकट मिळाला तो कमी पडला?
तो म्हणाला, तो दिव्याखाली दिसत नाही.
मला ती पांढरी पावडर आठवली.
सँडो पांढरा झाला पुतळा दिसायला.
हा कोण दिसायला तपकिरी होतोय
ते विचारायचं राहिलं.
अर्धी पाठ बाकी होती.

माइकवर सुर्वेचं सुर्फी झालं.
सहा जण उभे राहिले, वळले, पुन्हा वळले.
पहिला आला जहराचा एक फायरमन. देखणा होता, खोटं का बोला.
लियाकत पाचवा.
पदकं तिघांनाच होती.

खोलीवर येऊन त्याने उभ्याने दीड लिटर पाणी प्यायलं.
मग कालवणाचं पातेलं पुढे ओढलं
आणि आमच्या वाटणीचं पिवळं
आमच्या आधी संपवलं.
कुणी काही बोललं नाही.
सकाळी त्याच्या चादरीवर
एका माणसाएवढा तपकिरी डाग होता,
आणि तो क्रेनवर गेला होता.

चादर मीच धुतली. गच्चीवर घातली,
शेजारी माझे तीन सँडो.
वाळूकडून वारा आला, एकात शिरला.
छाती भरली. खांदे आले.
कंबर आवळली गेली, मापात.
डोकं नाही, हात नाहीत,
बाकी काही कमी नाही.

फडफडायला लागलं, तसा मी
आणखी एक चिमटा लावला.