पन्नास टक्के

नाना पेठेत मुनाफभाईंच्या दुकानासमोर
हेरंबची जुनी वॅगनआर, चारही दारं उघडी,
कान टोचायला बसवलेल्या पोरासारखी.

मुनाफभाई नमुने पत्त्यांसारखे पिसतात :
सत्तर, पन्नास, पस्तीस, वीस, पाच.
आकडा जितका लहान तितका काळोख मोठा,
हे मला त्यांनी दोनदा समजावलं.
हेरंबला एकदाही नाही.
त्याने सरळ पाचवर बोट ठेवलं.

"मॅडम, पुढंमागं सत्तर, बाजूला पन्नास, असा कायदा.
खाली गेलात की अलका चौकात पावती.
मामा काय माझ्या ओळखीचे नाहीत."

मी हातांनी त्याला सगळं सांगते.
पावतीची आमची खूण : तळहातावरून कागद फाडायचा.
हेरंब खांदे उडवतो. उन्हाचं कारण देतो.
बाही वर करून दाखवतो,
भोसरीला रोज जाऊन येऊन
उजवा दंड डाव्याहून दोन छटा काळा.

खरं कारण मला मंगळवारी कळलं, नळ स्टॉपला.
मागचा हॉर्न बडवत होता.
हॉर्न हेरंबच्या गावीही नव्हता.
मग तो शेजारी येऊन थांबला आणि काचेपलीकडून
एकेक अक्षर सुटं करून बोलला.
लोकांना वाटतं, बहिऱ्याला शिव्या लागत नाहीत.
भ काय, म काय, दोन्ही ओठांवरचीच अक्षरं.
लपत नाहीत.

पण काच ही आमची बोलायची जागा आहे.
इतरांचं बोलणं काच वर गेली की संपतं.
मी सोसायटीच्या गेटपाशी, तो आत, इंजिन चालू,
गोळी घेतलीस का, भाडं वाढवलं का त्या माणसाने,
परवा फोन का नाही उचललास व्हिडिओचा.
वॉचमनला वाटतं, दोघं माश्या हाकलतायत.
माझं नाव त्याच्या हातात
हनुवटीवरच्या व्रणाला टेकलेलं एक बोट.
व्रण त्याच्याच विटीचा.

म्हणून म्हटलं, आधी धरून बघू.
तो आत बसला, मी बाहेर, मध्ये मुनाफभाईंचा हात.
पन्नासमधून तो संध्याकाळी साडेसहाचा हेरंब.
पस्तीसमधून हात दिसतात, बोटं एकमेकांना चिकटलेली,
'काल' म्हणतोय की 'उद्या', पत्ता नाही.
वीसमधून कोणीतरी हलतंय.

पाचची काच त्यांनी आतून आणली, दोन्ही हातांनी धरली.
पाचमधून मी.
माझी ओढणी, माझ्यामागे टेम्पो,
समोरच्या दुकानात लोंबणारी सीटकव्हरं.
आणि आत तो बोलतोय, बराच वेळ बोलतोय,
गाडी किंचित हलते त्यावरून कळतं.

उतरल्यावर विचारलं, काय म्हणत होतास?
म्हणाला, तू ऐकत नव्हतीस.

त्यानंतर थोडा वेळ आम्ही दोघंही
हात खिशात घालून उभे होतो.

शेवटी त्याच्या बाजूला पन्नास, मागे पन्नास,
माझ्या बाजूची पुढची काच कोरी.
मुनाफभाई चिडले. तीन काळ्या, एक गोरी,
विकायला काढाल तेव्हा गिऱ्हाईक हसेल.
मग साबणाचं पाणी मारून, पट्टीने
बुडबुडे कडेला लोटत बसले.
दोन दिवस काच खाली करू नका, म्हणाले,
माझ्याकडे बघून. मग चूक कळल्यासारखं
हेरंबकडे बघून, हाताने, तेच.
खूण चुकीची होती. त्याला समजली.

क्वार्टर गेटच्या सिग्नलला
एक मोटरसायकल उजवीकडे येऊन चिकटली.
ओठ हलले असावेत.
हेरंबने मान वळवली,
पाहिलं, पन्नास टक्के पाहिलं,
आणि स्टिअरिंगवरचे दोन्ही हात सोडून मला विचारलं,
उसाचा रस घेऊया?

हिरवा पडला होता.
मी म्हटलं, आधी पुढे बघ.