किमान तीन

टेकाडावर पाच खड्डे. जिल्हा परिषदेच्या शाळेत,
चौथीच्या वर्गात, बाकं जोडून मी माणसं मांडते.
माणसं कसली, तुकडे.
सगळ्यात लांब तुकडा माझ्या करंगळीएवढा.
फळ्यावर सातचा पाढा तसाच आहे, त्रेसष्टपाशी थांबलेला.

अख्खं कुणी भेटत नाही.
भेटतो डाव्या घोट्याचा गोटा,
कानामागचं दगडासारखं हाड,
पाट्याची कच खाऊन खाऊन सपाट झालेली दाढ.
डावे घोटे मोजते. तीन.
वहीत लिहिते : किमान तीन.
'किमान' हा माझ्या कामातला
सगळ्यात प्रामाणिक शब्द.

चुलीच्या राखेत माणसाची बरगडी कशी आली?
शेजारी गाईचा जबडा, रांजणाचा काठ.
पुरलं होतं की टाकलं?
की मागाहून कुणी घर बांधायला माती उकरली
आणि कुणाचा तरी पणजा पाटीतून आला,
न ओळखता?

वरच्या थरातल्या मांडीवर दोन चरे, अगदी समांतर.
रात्री लाइट आल्यावर भिंगातून पाहिले
आणि वहीत एक वाक्य लिहिलं. फार सुंदर झालं होतं.
त्यात दगडी सुरी होती, विधी होता, शोकही होता.

सकाळी वनमाला कुमरे चाळणी टेकवून आत आली.
"हे कायचं जी?"
मी वाक्य वाचून दाखवलं.
तिनं चऱ्यातून नख फिरवलं.
"आतून पांढरं फक आहे ना जी. जुनं असतं
तं मातीवानी झालं असतं.
वखराची पास घासली इथं. माह्या दिरानं
मागच्या साली तूर पेरली होती टेकाडावर."

मी वाक्य खोडलं.
शोक गेला. सुरीही गेली.
मांडी राहिली, आणि तूर.

संध्याकाळी राळेगावची बस चुकली,
म्हणून तिच्या घरी चहा.
भिंती पांढरीच्या मातीच्या, साऱ्या गावाच्याच.
गाव तिथूनच माती आणतं, आज्या-पणज्यांपासून.
मीटरच्या खाली पोपडा निघालेला,
त्यातून काहीतरी पिवळट डोकावत होतं,
चवळीच्या दाण्याएवढं.
बोटाचं पेर. बहुतेक लेकराचं.
माझा हात खिशातल्या पिशवीकडे गेला.

वनमालानं पाहिलं.
चुलीपुढून उठली नाही.
"राहू द्या जी," म्हणाली,
"घरातच तं आहे."