आखूड पायाची खुर्ची

डिचोलीत, बाजाराच्या वरच्या अंगाला, बेकरीच्या माडीवर
पक्षाचं कार्यालय. चावी एकोणीस वर्षं माझ्याकडे.
चाळीस खुर्च्या, दोन पंखे, पावसाळ्यात खोकणारा कर्णा,
आणि सगळ्यावर बसणारी तांबडी धूळ.
खाणी बंद पडल्या तरी ती येऊन बसतेच,
जुन्या सभासदासारखी.

यादी पणजीहून यायची, बंद पाकिटात,
शेवटच्या कदंबाने, कंडक्टरच्या हाती.
विष्णुबाब चष्मा पुसून पाकीट फोडत.
आम्ही टाळ्या वाजवायचो. आधी टाळ्या, मग नावं.
रिकामं पाकीट मी घडी करून
पहिल्या रांगेतल्या खुर्चीच्या आखूड पायाखाली सारायचो.
खुर्ची कधी डुगली नाही.

मग सुगंधा माजीक आली.
तिच्या विहिरीचं पाणी खाणीच्या खड्ड्याने ओढून नेलं
आणि नवरा ट्रकने.
एवढंच सांगितलं, तेही मी विचारलं म्हणून.
सोबत सायकलवर पाव विकणारा कायतान,
आणि दोन वर्षं पगाराविना शिकवणारा मळीक मास्तर.
मंडळाच्या निवडणुकीचा अर्ज द्या, म्हणाले.
असा अर्ज असतो, हे मलाच आठवेना.
कपाटाच्या तळाशी सापडला.
वाळवीने 'उमेदवार' एवढाच शब्द खाल्ला होता,
बाकी शाबूत.

विष्णुबाब हसले. 'बाये, पक्ष म्हणजे कुळागर.
पोफळी उभ्या राहायला एक पिढी जाते.'
'होय बाब,' ती म्हणाली,
'पाट कुणाकडे वळवलाय, तेवढंच बघायला आलेय.'

महिनाभर कायतान पहाटे पोंय-पोंय वाजवत
पावाच्या पाटीत सभासदांची वही घेऊन हिंडला.
अकराशेतले सत्तर मेलेले निघाले,
दोनशे कधी जन्मलेच नव्हते,
आणि एक राजा, वय सात,
विष्णुबाबांचा बैल.
जे उरले त्यांना आजवर कुणी काही विचारलं नव्हतं.

मतदानाला चाळीस खुर्च्या पुरल्या नाहीत.
बायका जिन्यावर बसल्या,
भट्टीची ऊब पाठीला घेऊन, मुलं मांडीवर.
अकरापैकी सात जागा त्यांनी घेतल्या.
मोजणारा हात माझाच होता, थरथरत होता.
मी कुणाला मत दिलं, ते आपल्याला ठाऊक आहे
असं विष्णुबाबांना आजही वाटतं.

पक्ष बदलला का?
झेंडा तोच. कर्णा तोच, खोकतोय.
पण इतिवृत्त आता मोठ्याने वाचतात,
आणि पणजीचा साहेब आला की भाषणाआधी त्याला
विहिरी ऐकवतात: कुणाची, कुठल्या वाड्यावर,
मेमध्ये किती हात पाणी.
पहिल्यांदा तो घड्याळ बघत होता.
परवा टीव्हीवर तेच आकडे घडाघडा बोलला,
जन्मभर पाणी शेंदत आल्यासारखा.
मी आणि बेकरीवाला दोघेही हसलो.
मग हसू ओसरलं. आकडे बरोबर होते.

कायतान सोडून गेला. म्हणे, मीटिंगा फार, पाव करपतो.
मळीक मास्तरांचा झब्बा कडक इस्त्रीचा झालाय,
फोन तिसऱ्यांदा केला तर उचलतात.
विष्णुबाब अजून येतात, शेवटच्या रांगेत बसतात.
बैलाचं नाव वगळलं त्याचं त्यांना वाईट वाटतं,
स्वतःचं नव्हे.

गेल्या मंगळवारी एक मुलगी आली.
अंगठा तुटलेली चप्पल, हातात वही.
अर्ज मागू लागली.
सुगंधा लिहीत होती. मान वर न करता म्हणाली,
'यादी जवळजवळ ठरलीय गो.'

पंखा फिरत राहिला.
तिचं पेन थांबलं. आपलंच वाक्य
तिला उशिरा ऐकू आलं असावं.

पाकिटं येत नाहीत, त्याला तीन वर्षं झाली.
जुनी झिजून गेली. खुर्ची हल्ली डुगते.
तीच मी मुलीपुढे सरकवली.
म्हटलं, बस.
सांभाळून.