गाठ मारायची नाही

भरतकाम मंडळाचा वर्ग गुरुवारी, नारायण पेठेत,
होमिओपॅथीच्या दवाखान्यावर. जिना इतका अरुंद
की उतरणाऱ्याला आधी वाट द्यावी लागते.

पहिल्याच दिवशी तांबोळीबाईंनी
माझं कापड उलटं केलं.
फुलाकडे पाहिलंसुद्धा नाही.
"गाठ कुणी शिकवली?"
कुणीच नाही. बटणं लावता लावता आली.

एकतीस वर्षं भोसरीत
मी लोकांचे सुटे भाग तपासले, मायक्रोमीटर लावून.
नापास म्हणताना आवाज चढवावा लागत नाही,
हे मला ठाऊक होतं. ऐकून घ्यायची वेळ पहिलीच.

गाठ मारायची नाही.
दोऱ्याचं शेपूट मागे मोकळं सोडायचं,
पुढचे टाके त्याच्यावरून जातात,
तेच त्याला धरतात.

पटलं नाही. घरी जाऊन ओढून पाहिलं,
आलं की हातात!
"चार टाक्यांत काय होतंय," शेजारची रेवू म्हणाली,
"दहा तरी होऊ द्या, काकू."
आणि बोहरी आळीतल्या तिच्या शेवाळी लडीतून
अर्धी मला तोडून दिली. पैसे विचारले
तर सुई तोंडात धरून मान हलवली.

आज सातवा गुरुवार.
साखळी टाका वळणावर अजून जाड होतो.
जिन्यात कुणी नवीन उभी आहे,
पिशवीतून रिंग डोकावतेय,
चढावं की उतरावं या बेतात.

मी खुर्ची सरकवते.
तिचं कापड उलटं करायला
बोटं शिवशिवतात.
आज नको.