खरी नक्कल

इस्पितळाच्या तळघरात मी कागद सांभाळतो.
वर माणसं बरी होतात, किंवा होत नाहीत,
खाली माझ्याकडे
दोघांच्याही फायली सारख्याच जाड.

एदेल्मिरा बार्रिया आली तेव्हा खाडीला भरती होती.
बूट घोट्यापर्यंत ओले.
अर्ज तिने कोपराने पुढे सरकवला,
दोन्ही हात शालीत.

बावीस वर्षं शिंपले सोलले तिने,
मिनिटाला अकरा.
कास्त्रोच्या कारखान्यात तिचं नाव फळ्यावर लागायचं.
मग उजव्या बोटांना मुंग्या यायला लागल्या,
रात्री बशी हातातून सुटायला लागली.
साधी गोष्ट, डॉक्टर म्हणाले, अर्ध्या तासाची.
त्यांच्या हाताला गुण आहे, गाव म्हणायचं.
असेलही.
त्यांनी डावा उघडला.

शुद्धीवर आली तर चांगला हात पट्टीत
आणि दुखरा तसाच, चादरीवर,
आपली पाळी कधी येते बघत पडलेला.
डाव्याची तीन बोटं अजून मिटत नाहीत.
पोट हातावर होतं तिचं.

संचालकांनी हात वर केले.
विमावाल्यांनी हात झटकले.
(त्यालाही धड हात लागतात,
हे ती म्हणाली, मी नाही.)
एक पत्र आलं: झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.
गैरसोय.
बस चुकली की होते, ती.

रुग्णांच्या हक्कांचा तक्ता आमच्याकडेही आहे,
पहिल्या मजल्यावर, कॉफीच्या यंत्रामागे.
तिने तो यंत्र सरकवून वाचला होता.
स्वतःची फाईल मागता येते, असं चौथ्या ओळीत आहे.
त्रेसष्ट पानं. पानामागे पैसे.
नाणी तिने शालीच्या गाठीतून दातांनी सोडवली.

आता एकतिसावं पान.
संमतिपत्र. त्यावर निळ्या शाईत: उजवा हात.
आणि त्याच ओळीत पुढे, दाटीवाटीने,
काळ्या शाईत: व गरज पडल्यास डावा.
खाली तिची सही. निळी.

मी पान काचेवर ठेवलं, बटण दाबलं.
यंत्राला निळं-काळं कळत नाही.
बाहेर आलं ते एकच सलग वाक्य,
शांत, एका माणसाने एका बैठकीत लिहिल्यासारखं.

मी खूप वेळ दोन्ही कागद धरून उभा राहिलो.
खोटं सांगत नाही, याच डॉक्टरांनी
माझ्या पोराचं अपेंडिक्स काढलं होतं,
रात्री दोन वाजता, वादळात बोटी बंद असताना,
आणि सकाळी मला स्वतःची अर्धी पोळी दिली होती.
ती पोळी अजून माझ्या पोटात आहे.

तिला म्हटलं, आत या.
आत यायची कुणालाच परवानगी नाही.
दिव्याखाली मूळ पान धरलं.
ती वाकली. वाचलं. पुन्हा वाचलं.
रडेल असं वाटलं मला.
ती म्हणाली, माझ्या घरी काळं पेन नाहीच.

पोच म्हणून सही करायची असते.
कोणत्या हाताने, तिने विचारलं,
आणि उत्तराची वाट न बघता उजव्याने केली.
नाव ओळीवरून घसरत कडेला गेलं.

मग मी शिक्का उचलला. खरी नक्कल.
बासष्ट पानांवर नुसता मारला.
एकतिसाव्यावर, शिक्क्याखाली, माझ्या अक्षरात लिहिलं:
मूळ कागदावर या ओळीत दोन रंगांच्या शाया आहेत.
तारीख.
मग नाव, पूर्ण, आईच्या आडनावासकट:
निबाल्दो ओयार्सो मान्सिया.

वर फोन वाजत होता.
गठ्ठा बांधायला सुतळी घेतली
तर ती म्हणाली, थांब.
माझी बोटं पानं वेगळी करत नाहीत.
तू मोज.
मोठ्याने मोज.

एक, म्हटलं मी. दोन.