चढ नसलेली वाट

डॉक्टरनं गुडघ्यावर बोट ठेवलं, म्हणाला,
चाला. खरं सपाटीवर.
मला हसू आलं.
चौतीस वर्षं साखळी ओढली मी या भागात,
हुक्केरीपासून संकेश्वरापर्यंत बांध न् बांध मोजला,
सपाट जमीन एकदाही भेटली नाही.
डोळ्याला काही दिसत नाही
तिथंसुद्धा पाण्याला उतार दिसतो.

तरी सकाळी सहाला दुंडाप्पा फाटकाशी उभा.
"सर्वेयर, बर्री!"
"आलो की."
त्याची कानडी, माझी मराठी,
दोन्हींच्या पायांत कापशीची चप्पल, करकरणारी.

तळ्याची फेरी दोन हजार आठशे पावलांची,
नव्या गुडघ्याच्या हिशेबानं.
जुन्याच्या हिशेबानं कमी भरली असती.
डावीकडं ऊस. उजवीकडं पाणी.
मधे बेशरमीची जांभळी फुलं, कुणी लावली नाहीत
आणि कुणी उपटतही नाही.
वारा फिरला की कारखान्याकडून मळीचा वास येतो,
गोड म्हणावा तर गोड.

टिबुकली बुडी मारते.
ती वर कुठं येणार, यावर शेंगांची एक पुडी.
आजवर अकरा पुड्या हरलोय मी.
मोजणीदार माणूस, अंतर चुकतो!

रविवारी शर्वाणीचा फोन येतो, पोलंडच्या उत्तरेहून.
तिच्याकडंही तळ्याकाठची वाट आहे, अशीच, दम न लावणारी;
झाडांवर पिवळे पट्टे ओढलेत, चुकू नये म्हणून.
ती म्हणाली, बाबा, ही तळी कुणी खोदली नाहीत.
इथं बर्फ होता. टेकड्या बुडतील एवढा.
तो चालत आला जमीन घासत, रेटत,
आणि परत जाताना
गोटे, वाळू, पाणी
तसंच टाकून गेला.

दुंडाप्पाला सांगितलं.
तो ओढ्याच्या मोरीपर्यंत गप्प चालला.
"बर्फ चालतो?"
"चालतो म्हणे. दिवसाला वीतभर."
"म्हणजे तुझ्यागतच."

आमचं तळं कुणी खोदलं ते कागदावर नाही.
कागदावर नुसतं, सरकारी तलाव,
एकेचाळीस एकर सात गुंठे.
बांधाचा एकेक दगड कुणाच्या तरी चुंबळीवरून आलाय,
त्या मानेचं नाव कुठल्या रकान्यात लिहायचं,
हे मला कुणी शिकवलं नाही.
उन्हाळ्यात लोक गाळ काढून शेतात नेतात.
पाऊस तो हळूहळू परत आणून टाकतो.
वीतभर इकडं, वीतभर तिकडं.

एप्रिलात पाणी मागं सरतं,
पश्चिमेच्या कोपऱ्यात एक दगड उघडा पडतो.
त्यावरचा बाण अजून वाचता येतो.
तो मी रोवलाय, नोकरीच्या तिसऱ्या वर्षी,
भर दुपारी, झिजून लांबलेल्या साखळीनं.
लांबलेली साखळी जास्त जमीन खाते,
मला माहीत होतं.
साहेब जीपमध्ये घड्याळ बघत होता.
दुंडाप्पाच्या बापाचे अडीच गुंठे तळ्यात गेले.
तेव्हा दुंडाप्पा नऊ-दहा वर्षांचा असंल,
माझ्या साखळीचं दुसरं टोक
त्यानंच धरलेलं, हौसेनं.

दर उन्हाळ्यात आम्ही त्या कोपऱ्यावरून जातो.
मी टिटवीबद्दल बोलतो.
तो उसाच्या दराबद्दल.

आज चपलेत खडा गेला त्याच्या.
तो दगडावर बसला, बाणाकडं तोंड करून,
चप्पल झाडली, परत घातली,
आणि उठून दगड हातानं पुसला.
"बस की. गुडघा दुखत असंल."
"दुंडाप्पा, हा दगड..."
"ठाऊक हाय. बस."

मी बसलो. दगड कोमट होता.
तो जवळच उभा राहून शेंगा सोलत होता,
टरफलं कोरड्या तळात टाकत होता,
आपल्याच रानात टाकावीत तशी.
मग मी उठलो, तो बसला.
एका माणसापुरताच दगड तो.
ऊन वर येईपर्यंत आम्ही पाळीपाळीनं बसलो.